‘वन पीस’ला ब्रेक का लागला? २६ वर्षं चाललेल्या मालिकेची वाट पाहण्यामागचं गणित

२८ डिसेंबर २०२५ ला, रविवारी, ‘वन पीस’चा ११५५ वा भाग प्रसारित झाला आणि एगहेड बेटावरचं कथानक संपलं. त्यानंतरच्या रविवारी नवा भाग आला नाही. जानेवारी ते मार्च २०२६ असे तीन महिने मालिका बंद राहणार आणि एप्रिलमध्ये परतणार, हे टोएई अ‍ॅनिमेशन या निर्मिती कंपनीने ऑक्टोबरमध्येच सांगून ठेवलं होतं.

तीन महिने म्हणजे फार नाही. वेब सिरीजचा पुढचा सीझन यायला दोन-दोन वर्षं लागतात, त्या मानाने हा ब्रेक किरकोळच. तरीही जगभरातल्या चाहत्यांमध्ये या निर्णयाची जोरदार चर्चा झाली. कारण बातमी फक्त तीन महिन्यांची नव्हती. २०२६ पासून ‘वन पीस’ दर आठवड्याला, वर्षभर येणारच नाही, असंही त्याच घोषणेत होतं.

१९९९ पासून जवळपास प्रत्येक आठवड्याला येणाऱ्या मालिकेने वेग कमी करायचं ठरवलं, याचा अर्थ काय? चाहत्यांचं यात नुकसान आहे की फायदा? आणि कथा आता शेवटाकडे आली असताना हा निर्णय का?

नेमकं काय ठरलंय?

घोषणेतले मुख्य मुद्दे असे:

• जानेवारी ते मार्च २०२६ या काळात नवे भाग नाहीत.
• एप्रिल २०२६ पासून ‘एल्बाफ’ या राक्षसांच्या देशातलं कथानक सुरू होईल.
• वर्षाला जास्तीत जास्त २६ भाग येतील.
• हे २६ भाग सलग न दाखवता दोन टप्प्यांत दाखवले जातील.
• कथेची गती मूळ मांगाच्या जवळ नेण्याचा प्रयत्न असेल.

जपानी टीव्हीवर वर्षाचे तीन-तीन महिन्यांचे चार भाग पाडलेले असतात. अशा एका भागाला तिथे ‘कूर’ म्हणतात. एका कूरमध्ये साधारण १२ ते १३ भाग बसतात. बहुतेक नव्या अ‍ॅनिमे मालिका एक किंवा दोन कूर चालतात, थांबतात आणि तयारी झाली की परततात. ‘डीमन स्लेअर’, ‘अटॅक ऑन टायटन’ हे याच पद्धतीने आले. ‘वन पीस’ मात्र जुन्या पद्धतीवर टिकून होतं: एकदा सुरू झालं की थांबायचं नाही. आता तेही कूरच्या वेळापत्रकात आलं आहे.

ज्यांनी पाहिलेलं नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात

एइचिरो ओदा यांनी २२ जुलै १९९७ ला ‘शोनेन जंप’ या साप्ताहिकात ‘वन पीस’ ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, सुरू केली. तेव्हा ते २२ वर्षांचे होते. मंकी डी. लुफी हा रबरासारखं शरीर ताणू शकणारा मुलगा, त्याचे साथीदार आणि ‘वन पीस’ नावाच्या खजिन्याचा शोध एवढीच मूळ गोष्ट. तिच्या आत मात्र गुलामगिरी, पुसून टाकलेला इतिहास, भ्रष्ट जागतिक सरकार असं बरंच काही आहे.

ऑगस्ट २०२२ मध्ये या मांगाच्या प्रतींचा जगभरातला आकडा ५० कोटींवर गेला. २०२५ मध्ये इंडोनेशिया आणि नेपाळमधल्या आंदोलनांत तरुणांच्या हातात लुफीच्या जहाजावरचा कवटी आणि गवती टोपीचा झेंडा दिसला, तेव्हा अ‍ॅनिमे न पाहणाऱ्यांनाही हे नाव कळलं.

अ‍ॅनिमे मालिका २० ऑक्टोबर १९९९ ला फुजी टीव्हीवर सुरू झाली. मांगा अजून संपलेली नाही. तिचा शेवटचा पर्व जुलै २०२२ मध्ये सुरू झाला आणि तो सुरू आहे. सगळा गुंता इथूनच सुरू होतो: ज्या गोष्टीवर मालिका बनते, ती गोष्टच अजून लिहून व्हायची आहे.

आठवड्याला एक भाग: अडचण कुठे आहे?

मांगाचा एक चॅप्टर साधारण १७ ते १९ पानांचा असतो. टीव्हीचा एक भाग गाणी आणि जाहिरातींच्या जागा धरून साधारण २४ मिनिटांचा. सुरुवातीला एका भागात दोन-तीन चॅप्टर आरामात बसतात. पण लेखक आठवड्याला एकच चॅप्टर लिहितो, अधूनमधून सुट्टीही घेतो. म्हणजे दर आठवड्याला येणारी मालिका आज ना उद्या मांगाच्या मागे येऊन उभी राहणार. मग पुढे दाखवायचं काय?

यावर निर्मात्यांकडे तीन उपाय असतात.

पहिला उपाय ‘फिलर’. मांगात नसलेली, निर्मात्यांनी स्वतः रचलेली कथा मधे घालायची आणि वेळ काढायचा. ‘नारुतो’ने हेच केलं. पहिल्या मालिकेच्या २२० भागांपैकी १३६ व्या भागापासून शेवटपर्यंत जवळपास सगळं फिलर होतं. मुख्य कथा वर्षाहून अधिक काळ जागेवरच उभी होती.

दुसरा उपाय कथा ताणण्याचा. मांगात एका चौकटीत संपणारी धाव टीव्हीवर अर्धा मिनिट चालते. एक संवाद झाला की आसपासच्या दहा पात्रांचे चकित चेहरे एकेक करून दाखवले जातात. मागच्या भागात काय झालं ते पुन्हा सांगितलं जातं. मराठी प्रेक्षकाला हे समजावून सांगायची गरज नाही. संध्याकाळच्या मालिकेत सुनेने दार उघडलं की घरातल्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर तीन-तीन वेळा कॅमेरा जातो, त्याला आपल्याकडे ‘मालिकेत पाणी घालणं’ म्हणतात. जपानमध्येही तेच पाणी आहे, फक्त सासूच्या जागी समुद्री चाचे आहेत.

तिसरा उपाय म्हणजे थांबणं.

‘वन पीस’ने फिलर तुलनेने कमी वापरलं. थांबणं टाळलं. उरला दुसरा उपाय, आणि त्यावर ही मालिका कित्येक वर्षं चालली.

आकडे काय सांगतात?

हा फरक किती मोठा आहे ते मालिकेच्या वेगवेगळ्या टप्प्यांतले चॅप्टर आणि भाग शेजारी ठेवले की दिसतं.

मांगाचे पहिले १०० चॅप्टर मालिकेने सुमारे ५३ भागांत सांगितले. म्हणजे एका भागात जवळपास दोन चॅप्टर.

‘ड्रेसरोझा’ या कथानकात मांगाचे सुमारे १०० चॅप्टर आहेत. टीव्हीवर त्याचे ११८ भाग झाले. आकार तोच, भाग दुपटीहून अधिक.

‘वानो’ या जपानी सामुराईंच्या देशातल्या कथानकात मांगाचे सुमारे १५० चॅप्टर आहेत. टीव्हीवर १९० हून अधिक भाग झाले. जुलै २०१९ मध्ये सुरू झालेली ही लढाई २०२३ च्या शेवटी संपली.

थोडक्यात, जो प्रेक्षक २००० साली एका आठवड्यात दोन चॅप्टरएवढी गोष्ट पाहत होता, त्याला वीस वर्षांनी एक संपूर्ण चॅप्टरही मिळत नव्हता. त्यात अनेक वर्षं सुरुवातीचं गाणंच अडीच मिनिटांचं होतं. ते आणि मागच्या भागाची उजळणी वजा केली की नवीन असं जे उरायचं, ते फार नसायचं.

म्हणून ‘वन पीसने आता वाट पाहायला लावली’ हे वाक्य अर्धंच खरं आहे. चाहते आधीही वाटच पाहत होते. फरक इतकाच की ती वाट दर आठवड्याच्या भागात वाटून दिलेली होती. भाग आला की गोष्ट पुढे गेल्यासारखं वाटायचं, पण महिन्याभराने हिशोब केला तर लुफी त्याच जिन्यावर धावत असायचा. आता तीच वाट दोन टप्प्यांच्या मधे, उघडपणे, तारखेसह समोर ठेवली आहे.

कंपनीने स्वतःच पाणी काढलं तेव्हा

हे फक्त चाहत्यांचं म्हणणं नाही. खुद्द निर्मात्यांच्या कामातूनही ते दिसलं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘वन पीस’ने आधीही एक मोठा ब्रेक घेतला होता. ११२२ व्या भागानंतर मालिका जवळपास सहा महिने थांबली आणि ६ एप्रिल २०२५ ला परतली. परतताना तिची वेळही बदलली. २००६ पासून रविवारी सकाळी साडेनऊला दिसणारी मालिका रात्री सव्वाअकराला, म्हणजे भारतीय वेळेनुसार संध्याकाळी पावणेआठला गेली. लहान मुलांच्या वेळेतून ती मोठ्यांच्या वेळेत आली. जी मुलं १९९९ मध्ये शाळेत होती ती आज नोकरीत आहेत, हे यामागचं साधं वास्तव.

त्या सहा महिन्यांत रविवारच्या सकाळी रिकामी जागा ठेवता येत नव्हती. म्हणून ‘फिशमन आयलंड’ हे जुनं कथानक नव्याने संपादित करून दाखवलं गेलं. मूळ मालिकेत या कथानकाला पन्नासहून अधिक भाग लागले होते. नव्या आवृत्तीत ते २१ भागांत बसलं. गोष्ट तीच. निम्म्याहून जास्त भाग कमी करूनही ती पूर्ण सांगता आली.

याआधी चाहत्यांनी हेच काम आपल्या परीने केलं होतं. ‘वन पेस’ नावाच्या चाहत्यांच्या उपक्रमात अनेक वर्षं जुन्या भागांतली उजळणी, रेंगाळणारे क्षण कापून मांगाच्या गतीची आवृत्ती तयार केली जाते. कॉपीराइटच्या दृष्टीने हा प्रकार वादाचा आहे. पण ज्या मालिकेवर प्रेम आहे तिचीच कात्री घेऊन डागडुजी करायला लोक वर्षानुवर्षं बसतात, यावरून दुखणं कुठे होतं ते कळतं.

त्याच ब्रेकच्या सुरुवातीला, २० ऑक्टोबर २०२४ ला, ‘वन पीस फॅन लेटर’ हा विशेष भाग आला. मेगुमी इशितानी यांनी दिग्दर्शित केलेला हा भाग लुफीबद्दल नाही. त्याच्या जगातल्या सामान्य माणसांबद्दल आहे. पुस्तकाच्या दुकानातले लोक, नौदलातला एक सैनिक, नामीला आदर्श मानणारी एक मुलगी. एकाच भागाच्या वेळेत इतक्या माणसांची गोष्ट पूर्ण होते आणि कुठेही ताणलेली वाटत नाही. या मालिकेच्या सर्वोत्तम कामांत अनेक चाहते त्याची गणना करतात. पुरेसा वेळ मिळाला तर हीच कंपनी काय करू शकते, याचा तो नमुना होता.

मग इतकी वर्षं थांबले का नाहीत?

कारण टीव्हीचं अर्थकारण थांबू देत नव्हतं.

साप्ताहिक मालिका म्हणजे चॅनेलवरची ठरलेली जागा. त्या जागेला जाहिरातदार असतात. मालिका दर आठवड्याला घरात दिसत राहिली की खेळणी, कपडे, व्हिडिओ गेम, मांगाचे नवे खंड यांची विक्री चालू राहते. एकदा जागा सोडली तर तिथे दुसरा कार्यक्रम येऊन बसतो. म्हणून भाग कसा आहे यापेक्षा भाग आहे, हे महत्त्वाचं ठरायचं.

त्या चक्राला धक्का बसायचा तो बाहेरून. कोरोनाच्या काळात, एप्रिल २०२० मध्ये ९२९ व्या भागानंतर मालिका थांबली आणि जूनअखेर परतली. मार्च २०२२ मध्ये टोएई अ‍ॅनिमेशनच्या संगणक यंत्रणेत बाहेरच्या व्यक्तीने शिरकाव केला. त्यामुळे कंपनीच्या चार मालिकांचं वेळापत्रक कोलमडलं आणि ‘वन पीस’चे नवे भाग एप्रिलच्या मध्यापर्यंत आले नाहीत. ही दोन्ही वेळची वाट नाइलाजाची होती. २०२४ पासूनची वाट ठरवून घेतलेली आहे.

दरम्यान धंद्याचं स्वरूपही बदललं. आता मालिकेचा प्रेक्षक फक्त जपानमधल्या टीव्हीसमोर बसलेला नाही. तो मुंबईच्या लोकलमध्ये मोबाइलवर पाहतो, साओ पावलोमध्ये पाहतो, पॅरिसमध्ये पाहतो. त्याच्या फोनवर ‘वन पीस’च्या शेजारी ‘डीमन स्लेअर’ आणि ‘जुजुत्सू काइसेन’ असतात, आणि ते चित्रपटाच्या तोडीच्या अ‍ॅनिमेशनसह आलेले असतात. तिथे ‘आम्ही दर आठवड्याला येतो’ हे कौतुक फारसं कामाचं राहत नाही. लोक दृश्य कसं आहे ते पाहतात, त्याची क्लिप काढतात, पसरवतात. सरासरी भाग बावन्न देण्यापेक्षा चांगले सव्वीस देणं व्यवसायालाही परवडू लागलं आहे.

चित्रं काढणाऱ्यांचं काय?

एका भागामागे कथेचा आराखडा, दृश्यांची मांडणी, मुख्य चित्रं, त्या चित्रांच्या मधली चित्रं, रंग, पार्श्वभूमी, सगळं एकत्र करणं, आवाज असे अनेक टप्पे असतात. हे काम आठवड्यात होत नाही, महिने लागतात. आठवड्याला एक भाग देता यावा म्हणून अनेक गट एकाच वेळी वेगवेगळ्या भागांवर राबत असतात.

यातले बरेच कलाकार नोकरीत नसतात. मधली चित्रं काढणाऱ्यांना चित्रामागे आणि मुख्य चित्रं काढणाऱ्यांना दृश्यामागे पैसे मिळतात. २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या उद्योग आणि मानवाधिकारविषयक कार्यगटाने जपानवरच्या अहवालात अ‍ॅनिमे क्षेत्रातली कमी कमाई आणि कामाचे लांबलचक तास यांचा वेगळा उल्लेख केला होता.

म्हणून ब्रेक म्हणजे कलाकारांना सुख, असं सरळ समीकरण मांडता येईल का? तसंही नाही. २०२३ मध्ये ‘जुजुत्सू काइसेन’चा दुसरा सीझन सुरू असताना त्यावर काम करणाऱ्या काही अ‍ॅनिमेटर्सनी वेळापत्रकाबद्दल समाजमाध्यमांवर उघड नाराजी व्यक्त केली होती. ती मालिका कूरच्याच पद्धतीने येते. म्हणजे भाग कमी असले तरी मुदत घट्ट असेल आणि अपेक्षा आभाळाला टेकलेल्या असतील, तर माणसं तेवढीच दमतात. शिवाय चित्रामागे पैसे मिळणाऱ्याच्या दृष्टीने भाग कमी म्हणजे काम कमी, हेही खरं. ‘२६ भाग’ ही घोषणा प्रेक्षकांसाठी आहे. त्या २६ भागांसाठी कलाकारांना नेमका किती वेळ आणि किती मोबदला मिळतो, यावर तिचं खरं मूल्य ठरेल.

थांबलेल्या इतर मालिकांचं काय झालं?

‘वन पीस’च्या चाहत्यांना तुलनेसाठी तीन उदाहरणं हाताशी आहेत.

पहिलं ‘ब्लीच’. मार्च २०१२ मध्ये ३६६ व्या भागावर ही मालिका थांबली, तेव्हा मांगाचं शेवटचं मोठं कथानक बाकी होतं. मांगा २०१६ मध्ये संपली, तरी मालिका परतली नाही. ती आली ऑक्टोबर २०२२ मध्ये, दहा वर्षांनी. यावेळी कूर पद्धतीने, थांबत थांबत. परतलेल्या मालिकेचं चित्रण जुन्यापेक्षा कितीतरी सरस होतं आणि जुने चाहते तर आलेच, नवेही आले. वाट पाहण्याचं फळ मिळालं, असं म्हणण्यासाठी हे सगळ्यात चांगलं उदाहरण.

दुसरं ‘हंटर एक्स हंटर’. त्याची दुसरी अ‍ॅनिमे मालिका २०१४ मध्ये १४८ भागांवर संपली. मांगाचे लेखक योशिहिरो तोगाशी पाठीच्या दुखण्याने त्रस्त आहेत. २०१८ च्या अखेरीपासून ऑक्टोबर २०२२ पर्यंत जवळपास चार वर्षं एकही चॅप्टर आला नाही. मे २०२२ मध्ये तोगाशींनी ट्विटरवर खातं उघडलं आणि हस्तलिखिताच्या कोपऱ्याचे फोटो टाकायला सुरुवात केली. पानाचा एक कोपरा आणि त्यावरचा आकडा, एवढंच. तरी त्याने जगभर आनंद झाला. तारीख नसलेली वाट कशी असते, ते या चाहत्यांना विचारावं.

तिसरं ‘नारुतो’. वीस वर्षांच्या निमित्ताने चार नवे भाग सप्टेंबर २०२३ मध्ये येणार होते. दर्जा वाढवण्यासाठी ते पुढे ढकलत असल्याचं ऐन वेळी जाहीर झालं. ‘दर्जासाठी थांबतोय’ हे वाक्य प्रत्येक वेळी लगेच फळाला येतंच असं नाही.

या तिन्हींच्या तुलनेत ‘वन पीस’ची वाट सुखाची आहे. तिला महिना आहे, कारण सांगितलेलं आहे आणि पुढच्या कथेचं नाव माहीत आहे.

तरीही धाकधूक का? कारण वय

जुन्या चाहत्यांची खरी काळजी या तीन महिन्यांची नाही. ती आहे मालिका शेवटापर्यंत पोहोचेल तेव्हा कोण कोण सोबत असेल, याची.

लुफीला १९९९ पासून मायूमी तानाका यांचा आवाज आहे. त्यांचा जन्म १९५५ चा. जानेवारी २०२६ मध्ये त्या ७१ वर्षांच्या झाल्या. लुफीचा आदर्श असलेल्या शँक्सला आवाज देणारे शुइची इकेदा १९४९ सालचे आहेत. ‘ब्लीच’ दहा वर्षांनी परतली तेव्हा सरसेनापती यामामोतोचा आवाज नवा होता, कारण मूळ कलाकार मासाआकी त्सुकादा २०१४ मध्येच वारले होते. एखादा आवाज वीस वर्षं कानात बसलेला असतो. तो बदलला की पात्र तेच असूनही क्षणभर परकं वाटतं.

आता साधं गणित करून पाहता येतं. २०२५ संपताना मांगा मालिकेच्या सुमारे ४५ चॅप्टर पुढे होती. गेल्या काही वर्षांत ओदा वर्षाला साधारण ३० ते ३५ चॅप्टर लिहितात. मांगा नेमकी कधी संपेल ते ठरलेलं नाही. पण उदाहरणादाखल ती अजून पाच वर्षं चालली असं धरलं, तर दाखवायचे एकूण चॅप्टर दोनशेच्या थोडे वर जातात.

एका भागात एकच चॅप्टर घेतला तर वर्षाला २६ या हिशोबाने त्याला आठेक वर्षं लागतील. म्हणजे मांगाचा शेवट जगाला कळल्यानंतर तीन वर्षांनी मालिकेचा शेवट. तेव्हा तानाका ७९ वर्षांच्या असतील.

पण एका भागात सरासरी दीड चॅप्टर घेतला, तर हेच काम पाच वर्षांच्या आसपास होतं. मालिका मांगासोबतच किंवा तिच्यामागे थोड्याच अंतराने संपू शकते.

यातून एक गोष्ट दिसते. सगळी चर्चा ‘वर्षाला २६’ या आकड्याभोवती फिरते आहे, पण निर्णायक आकडा तो नाही. एका भागात किती गोष्ट सांगितली जाते, हा आकडा निर्णायक आहे. भाग निम्मे झाले आणि पाणी तेवढंच राहिलं, तर चाहत्यांना दोन्हीकडून फटका. भाग निम्मे झाले आणि पाणी आटलं, तर गोष्ट पूर्वीच्याच वेगाने पुढे जाईल आणि दिसेल मात्र कितीतरी चांगली.

या तीन महिन्यांत चाहते काय करताहेत?

सगळ्यात मोठं आव्हान स्पॉयलरचं. मांगा पुढे चालूच आहे. फक्त अ‍ॅनिमे पाहणाऱ्याने सोशल मीडिया उघडला की एल्बाफमध्ये काय झालं ते कधी एखाद्या मीममधून, कधी व्हिडिओच्या थंबनेलवरून त्याच्यावर आदळतं. मालिका जितकी मागे राहील, तितका हा त्रास वाढणार. म्हणून अनेक जण याच काळात मांगाकडे वळतात. प्रकाशक शुएशाच्या ‘मांगा प्लस’ अ‍ॅपवर २०१९ पासून ताजे चॅप्टर अधिकृतपणे इंग्रजीत मोफत वाचता येतात.

महाराष्ट्रातल्या प्रेक्षकाचा या जगाशी संबंध जुना आहे, फक्त त्याचं नाव तेव्हा माहीत नव्हतं. शाळेतून आल्यावर हिंदीतला डोरेमॉन आणि शिनचॅन पाहणारी पिढी अ‍ॅनिमेच पाहत होती. तीच पिढी आज सबटायटल वाचत ‘वन पीस’ पाहते. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘डीमन स्लेअर’चा ‘इन्फिनिटी कॅसल’ हा चित्रपट भारतात आला तेव्हा पहाटेच्या शोलाही थिएटर भरली होती. या प्रेक्षकाला रोजच्या मालिकांमधलं पाणीही माहीत आहे आणि सीझनची पद्धतही. त्यामुळे ‘वन पीस’चा निर्णय त्याला समजायला जड नाही.

एप्रिलनंतर कशावर लक्ष ठेवायचं?

एल्बाफ हे साधं कथानक नाही. लुफीचा साथीदार उसॉप याने या शूर राक्षसांच्या गावी जायचं स्वप्न बोलून दाखवलं, त्याला टीव्हीवर जवळपास पंचवीस वर्षं होत आली. त्या भागाच्या वेळी दहा वर्षांचा असलेला प्रेक्षक आज पस्तिशीत आहे. इतकी वर्षं राखून ठेवलेली जागा घाईघाईत काढलेल्या चित्रांत आणि पुन्हा पुन्हा दाखवलेल्या चेहऱ्यांत वाया गेली असती, तर ती चुटपुट कायमची राहिली असती.

ब्रेकचा फायदा झाला की नाही, हे कळायला फार थांबावं लागणार नाही. पहिल्या चार-पाच भागांत तीन गोष्टी पाहाव्यात. मागच्या भागाची उजळणी किती मिनिटं चालते? एका भागात मांगाची किती पानं संपतात? आणि मोठी लढाई नसलेल्या, नुसत्या बोलण्याच्या दृश्यांतही चित्रं तेवढीच जिवंत आहेत का? लढाईच्या भागाला जीव ओतणं टोएईला आधीही जमत होतं. मधले साधे भाग हीच या मालिकेची जुनी दुखरी बाजू आहे, आणि सुधारणा झाली असेल तर ती तिथेच आधी दिसेल.